तीन बटणं, साठ फ्रेम: पुण्यात बसून व्हर्च्युआ फायटर शिकताना

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला पीसी गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे परत मिळतात. ‘व्हर्च्युआ फायटर ५ रेव्हो’ या मारामारीच्या गेमच्या बाबतीत ही सवलत म्हणजे आमिषच आहे, कारण पहिल्या दोन तासांत हा गेम हाताला काहीच लागू देत नाही. कथा नाही, हातातून आगीचे गोळे निघत नाहीत, हरत आलेल्याला वाचवणारा सुपर मूव्ह नाही. समोरचा येतो, दोन ठोसे मारतो, उचलून आपटतो, संपलं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी त्याच मुदतीत पैसे परत घेतले. मी गेम ठेवला. गेलं वर्षभर काय काय करावं लागलं, ते क्रमाने लिहून ठेवतो. मराठीत यावर फारसं वाचायला मिळालं नाही आणि सुरुवातीला ते फार जाणवलं होतं.

आधी थोडी ओळख. आपल्या पिढीतले बहुतेक जण ‘टेकन ३’वर वाढले. क्लासला जातो सांगून गेमिंग पार्लरमध्ये, तासाच्या हिशोबाने. पण थ्रीडी मारामारीच्या गेम्सचा मूळ पुरुष व्हर्च्युआ फायटर. सेगाच्या एएम२ विभागात यु सुझुकी यांच्या हाताखाली तो तयार झाला आणि १९९३ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर आला. त्यावर काम केलेले सेइइची इशी पुढे नामको या दुसऱ्या कंपनीत गेले आणि त्यांनी पहिला टेकन दिग्दर्शित केला. म्हणजे आपण पुतण्याला ओळखत होतो, काकांना नाही. सध्याच्या आवृत्तीचा गाभा २०१० च्या ‘फायनल शोडाउन’चा आहे. २०२१ मध्ये तिचं रूप बदललं आणि २८ जानेवारी २०२५ ला ‘रेव्हो’ या नावाने ती पीसीवर आली. मालिका पहिल्यांदाच स्टीमवर आली आणि ऑनलाइन खेळण्यासाठी रोलबॅक मिळालं (ते काय, हे पुढे येईल). मी फेब्रुवारीत घेतला.

बटणं तीन: पंच, किक, गार्ड. इथे टेकनवाल्यांचा पहिला गोंधळ होतो. मागे ओढून बचाव होत नाही, त्यासाठी वेगळं बटण दाबून धरावं लागतं. पंच आणि गार्ड एकत्र दाबलं की थ्रो, म्हणजे पकडून आपटणं. एवढ्यावर १९ पात्रं आणि प्रत्येकाची खरी किंवा खऱ्यावर बेतलेली युद्धकला. अकिराचं हाक्क्योकुकेन, म्हणजे चिनी बाजीच्वान. गोहचा ज्युदो. लायनची प्रार्थनाकीटकाची शैली. शुन दी नावाचे म्हातारबुवा दारुड्याच्या शैलीत लढतात, आणि लढता लढता जितकी जास्त ढोसतील तितके त्यांचे नवे डाव खुले होतात. ताका-अराशी हा सुमो पैलवान तिसऱ्या भागात आला, चौथ्यात गायब झाला आणि पाचव्याच्या सुधारित आवृत्तीत परतला.

सगळे सल्ले देतात की नायक म्हणून अकिरा घ्या. मी बघितलं आणि सोडलं. त्याचा प्रसिद्ध गुडघा मारायला किक-गार्ड एकत्र दाबून गार्डवरचं बोट एका फ्रेममध्ये उचलायचं, ही त्याची जुनी ख्याती. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. चाळिशीतल्या माणसाने इतकी महत्त्वाकांक्षा धरू नये. मी वुल्फ घेतला, कॅनडाचा व्यावसायिक पैलवान. माझं आजोळ कोल्हापूरचं, मामा गंगावेस तालमीत जाणारे. पकड, उचल, आपट ही भाषा लहानपणापासून कानावर आहे. वुल्फ मातीतला नाही, दोरखंडाच्या रिंगणातला आहे, पण त्याने कुणाला धोबीपछाड घातली की घरात कुणीतरी ‘शाब्बास’ म्हणतंच.

फेब्रुवारी आणि मार्च सगळा ट्रेनिंग मोडमध्ये गेला. ट्रेनिंग मोड हा सरावाचा कोपरा नाही, निम्मा गेम तोच आहे, हे नवख्या माणसाला कुणीतरी आधीच सांगायला हवं. तिथे पडद्यावर फ्रेमचे आकडे दिसतात. तुम्ही मारलेला फटका समोरच्याने अडवला की कोण किती फ्रेमने मागे पडला ते लगेच कळतं. बहुतेक पात्रांचा साधा पंच १२ फ्रेममध्ये पोचतो, थ्रो १० मध्ये, कोपराचा फटका साधारण १४ मध्ये. अडवला गेल्यावर तुम्ही १० किंवा त्याहून जास्त फ्रेमने मागे असाल, तर समोरच्याला थ्रो जवळपास फुकट. याला पनिश म्हणतात. शिकण्याची सुरुवात इथून करावी, कारण इथे अंदाज बांधावा लागत नाही, फक्त हिशोब पाठ असावा लागतो. मी कामाला चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. टॉलरन्सचे तक्ते वाचण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे हा भाग मला इतरांपेक्षा सोपा गेला असेल.

त्यापुढची गोष्ट मात्र तक्त्यात बसत नाही. १२ फ्रेम म्हणजे ०.२ सेकंद. डोळ्याने बघून बोट हलायलाच माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणजे जवळून आलेला पंच बघून अडवणं शक्यच नाही. तो येणार हे आधी ओळखायला लागतं. फटका थ्रोला हरवतो, थ्रो गार्डला हरवतो, गार्ड फटक्याला. बाजूला सरकलात तर सरळ फटके चुकतात, पण गोलाकार फटका तुम्हाला पकडतो, आणि समोरच्याने काहीच केलं नाही तर तुमचंच सरकणं वाया जातं. हे सगळं ज्याला येतं अशा दोन माणसांत उरतं काय? हा माणूस घाबरला की काय करतो, एवढंच.

या काळातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्यासाठी गेम तिथे उघडला. तुमचा फटका अडवला गेला आणि तुम्ही ५ फ्रेमने मागे आहात असं धरा. समोरच्याकडे दोन चांगले पर्याय: थ्रो किंवा कोपर. उभं राहून गार्ड धरलात तर थ्रो लागतो. खाली बसलात तर थ्रो डोक्यावरून जातो, पण कोपर बसतो. म्हणजे जुगारच, असं मी समजत होतो. मग गणित मांडलं. त्याचा थ्रो १० फ्रेमचा, मी ५ ने मागे, म्हणजे माझ्या दृष्टीने तो पाचव्या फ्रेमला येतो. कोपर १४ चा, तो नवव्याला. म्हणजे पाचव्या फ्रेमला खाली असायचं आणि नवव्याच्या आत उठून गार्ड धरायचं. मध्ये ४ फ्रेम, सेकंदाचा पंधरावा भाग. दोन्ही पर्याय एकाच हालचालीत निष्फळ. याला फझी गार्ड म्हणतात, आणि या मालिकेत ते फार जुनं आहे.

कागदावर झालं. बोटांना पटवायला भाचा लागला. ओंकार बारावीची परीक्षा संपवून आमच्याकडे राहायला आला होता. त्याला दुसरा कंट्रोलर दिला आणि सांगितलं, मला न सांगता मनाला येईल तेव्हा थ्रो कर, मनाला येईल तेव्हा कोपर मार. तो मोबाइल बघत एका हाताने हे काम करायचा. तरी मी आपटला जायचो.

“मामा, परत?”

“परत.”

“मी थ्रोच करतोय हां, सांगून करतोय.”

“सांगू नको रे, सांगितलंस तर उपयोग काय!”

गुढीपाडव्याच्या सुमारास एके दुपारी खाली-वर, खाली-वर करताना थ्रोचा हात रिकामा गेला आणि पुढचा कोपर गार्डवर आदळला. ओंकारने मोबाइल खाली ठेवला. “हे कसं केलंस?” मग त्याला शिकवायला लागलो, आणि त्याला ते निम्म्या वेळात जमलं. तरुण बोटं.

एप्रिलमध्ये ऑनलाइन उतरलो. इथून पुढे तुम्ही पुण्यात, नाशकात किंवा कुठेही महाराष्ट्रात असाल तर नीट वाचा, कारण या भागाची माहिती परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही. सामना शोधायला टाकला की समोर कुणीच येत नाही. भारतात हा गेम खेळणारे बोटावर मोजण्याइतके. मी रात्री दहानंतर बसायचो, आपली नेहमीची वेळ. तेव्हा टोकियोत रात्रीचे दीड वाजलेले असतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथले रात्रीचे नऊ म्हणजे इथले साडेपाच. माझी पहिली पाळी साडेतीनला सुटते. मी पाचपर्यंत घरी पोचतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात खेळायचं आणि बाकी आठवड्यांत सराव करायचा, असं वेळापत्रक बांधल्यावर समोर माणसं यायला लागली. बाकी वेळी, विशेषतः शनिवारी-रविवारी, आग्नेय आशियातले खेळाडू भेटतात.

दुसरा प्रश्न इंटरनेटच्या लाइनचा. जपानमधल्या खेळाडूशी पिंग, म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ, माझ्याकडे १४० मिलिसेकंदांच्या आसपास राहतं. एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे जाऊन-येऊन आठ फ्रेमचं अंतर. रोलबॅकमध्ये तुमचं यंत्र थांबत नाही. समोरचा आधी जे करत होता तेच करत असेल असं गृहीत धरून चित्र पुढे नेतं, आणि खरी माहिती आली की मागे जाऊन दुरुस्त करतं. त्यामुळे तुमचं बटण लगेच लागतं, पण समोरच्याचा पंच सुरू होताना दिसतच नाही, अर्धा झाल्यावर एकदम उगवतो. अंदाजाचा भाग आणखी वाढतो. हे चालवून घेता येतं. चालवून घेता येत नाही ते लाइनचं हेलकावणं. सरासरी पिंगकडे बघू नका, चढउतार बघा. संगणकावर साधी पिंग कमांड पाच मिनिटं चालू ठेवा. आकडे १३८, १४१, १३९ असे आले तर उत्तम. माझे संध्याकाळी १४० वरून ३०० वर उडायचे आणि परत यायचे, वायफाय सोडून केबल लावल्यावरही. सोसायटीत सगळेच त्याच वेळी काहीतरी बघत असतात.

उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीची फायबर घेणं. त्यासाठी सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, कारण वायर सामाईक डक्टमधून येणार. सेक्रेटरी काकांकडे गेलो तर पहिला प्रश्न, “वर्क फ्रॉम होम आहे का?” मी म्हटलं, “नाही, गेमसाठी.” ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अर्जात ‘घरगुती वापर’ लिहा.” अर्ज, त्यासोबत कंपनीचं पत्र, डक्टची तोडफोड झाल्यास म्हणून २००० रुपये परतावा ठेव. अर्ज मे महिन्याच्या बैठकीत ठेवायचा होता, ती बैठक गणसंख्येअभावी झाली नाही. जूनच्या बैठकीत मंजूर झाला. तोवर पाऊस सुरू झालेला, कंपनीचा माणूस म्हणाला की गच्चीवरचं काम उघडीप मिळाल्यावर. लाइन सुरू व्हायला जुलै उजाडला. सल्ला एकच: हे काम गेम घेतल्याच्या दिवशी सुरू करा. शिकण्यापेक्षा यालाच जास्त वेळ लागतो. आणि ठेवीची पावती जपून ठेवा, परत मागताना ती दाखवावी लागते.

या रिकाम्या काळात कंट्रोलर तयार केला. साध्या गेमपॅडवर हा गेम खेळता येतो आणि चांगले खेळाडूही खेळतात. माझा अंगठा मात्र दिवसाअखेर दुखायचा. आयात केलेली तयार काठी, म्हणजे आर्केडसारखी जॉयस्टिक, खूप महाग, वर कस्टम्स ड्युटी. म्हणून काठीऐवजी बटणांचा डबा केला. दिशा चार, त्यांनाही बटणंच. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड ४०० रुपयांना मिळाला. ३० मिलिमीटरची आर्केडची बटणं एका दुकानात जुन्या साठ्यातून निघाली, ६० रुपयाला एक. दुकानदाराने विचारलं, “नाण्याचं मशीन दुरुस्त करताय?” वायरी, टोकाच्या चिमट्या, यूएसबी केबल धरून आणखी २५० रुपये. लाकडी डबा कोपऱ्यावरच्या सुतारमामांनी केला. भोकं पाडायला त्यांच्याकडे कुलुपं बसवायची गोल करवत होती, ती नेमकी मापाची निघाली. त्यांनी आधी माझा पंजा फळीवर ठेवायला लावला, पेन्सिलने बोटांच्या टोकांशी खुणा केल्या आणि मग भोकं पाडली. विकतच्या डब्यांत अशी मापं घेत नाहीत. मजुरी ३०० रुपये आणि चहा.

बोर्डात जीपी२०४०-सीई नावाचं मोफत फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं. बोर्डवरचं बूटसेलचं बटण दाबून धरून संगणकाला जोडलं की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल कॉपी केली की झालं. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

डाव्या हाताला मात्र पुन्हा पहिली इयत्ता. वुल्फचे मोठे डाव, जायंट स्विंगसारखे, अर्धवर्तुळ फिरवून निघतात. काठी असती तर मनगट फिरवलं असतं. बटणांवर ते असं होतं: डावं दाबा, ते धरूनच खालचं दाबा, डावं सोडा, खालचं धरून उजवं दाबा, खालचं सोडा, आणि त्याच क्षणी उजव्या हाताने पंच-गार्ड. मधला एखादा टप्पा घाईत गेला तर वुल्फ नुसताच साधा थ्रो करतो. मी हे सवयीने बसच्या सीटवर, जेवणाच्या डब्यावर, मीटिंगमध्ये मांडीवर करायचो. चाकणच्या बसमध्ये शेजारचे गृहस्थ एकदा विचारते झाले, तबला शिकताय का.

ऑगस्टपासून खरं खेळणं सुरू झालं. ऑनलाइनचा दर्जा ज्युदोसारखा १० क्यूपासून चढतो, क्यू संपले की दान हे वरचे टप्पे. मी क्यूमध्येच कितीतरी आठवडे रेंगाळलो. हरण्याबद्दल लिहायला हवं, कारण दोन तासांत परत करणारे बरेच जण त्यापायी परत करतात. हा गेम हरवतो तेव्हा दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच ठेवत नाही. बाकी गेम्समध्ये म्हणता येतं, त्याचा सुपर लागला, माझी टीम वाईट होती. इथे समोरच्याने सलग तीनदा थ्रो केला आणि तीनदा तुम्ही उभे राहून गार्ड धरलात. बस्स. त्याने तुमचं मन वाचलं. असं वाचलं जाणं ही फार उघडं पाडणारी गोष्ट आहे. ऑफिसात बॉससमोर मी जसा गप्प उभा राहतो तसाच इथेही उभा राहतो, हे मला जॅकी हे पात्र घेऊन खेळणाऱ्या एका अनोळखी माणसाने दाखवून दिलं.

आणि ओढही नेमकी इथेच आहे. तोच माणूस दुसऱ्या सामन्यात चौथ्यांदा थ्रोला आला तेव्हा मी खाली बसलो, त्याचे हात हवेत मिटले, आणि मी उठताना त्याला धरून कडेच्या बाहेर फेकला. रिंगआउट. त्याने लगेच पुन्हा सामना मागितला. एक शब्द न बोलता आम्ही अर्धा तास भांडलो. शेवटी त्याला कळलं होतं की मी आता खाली बसतो, म्हणून तो थ्रोचा आव आणून कोपर मारायला लागला. मला ते कळेपर्यंत तो जेवायला गेला असावा.

गणपतीत खेळणं बंद. घरी दीड दिवस, सोसायटीचे दहा दिवस, आणि आरतीची वेळ नेमकी जपानची रात्रीची वेळ. परत आलो तर हात बिघडलेला नव्हता, उलट सुधारलेला होता. सुटीचा फायदा होतो असं बरेच जण म्हणतात, माझा विश्वास नव्हता.

काही गोष्टी ज्या मला उशिरा समजल्या आणि तुम्हाला लवकर समजाव्यात. सुरुवातीला डाव कमी ठेवा. वुल्फचे मी बराच काळ सात-आठच वापरले, त्यात खाली बसून मारायचा साधा पंच सगळ्यात उपयोगी. थ्रोतून सुटायचं असेल तर समोरच्याचा थ्रो ज्या दिशेला संपतो ती दिशा पंच-गार्डसोबत दाबावी लागते, म्हणून प्रत्येक पात्राचा सर्वात जास्त दुखणारा थ्रो आणि त्याची दिशा एवढंच आधी पाठ करा, बाकी खाऊन घ्या. कॉम्बोचे, म्हणजे सलग लागणाऱ्या फटक्यांच्या माळेचे, व्हिडिओ बघत बसू नका. कॉम्बो तेव्हा लागतो जेव्हा आधीचा अंदाज बरोबर आलेला असतो, आणि अंदाजाचा व्हिडिओ नसतो. हरलेला सामना पुन्हा बघताना फक्त एक प्रश्न विचारा: मी मागे असताना काय केलं? माझ्या बाबतीत उत्तर बहुतेकदा ‘पंच मारला’ असं यायचं. तीच सवय मोडायची होती.

दिवाळीत पहिला दान मिळाला. ओंकारला तो माझ्या आधी मिळाला होता, हे नोंदवून ठेवतो, नाहीतर तो प्रतिक्रियेत लिहील. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘वर्ल्ड स्टेज’ ही पुढची आवृत्ती आली, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवालेही त्याच मैदानात आले आणि सामना शोधायचा वेळ माझ्या बाजूने स्पष्ट कमी झाला. आता सुरुवात करणाऱ्याला माझ्याइतकं रिकामं मैदान लागणार नाही.

नोव्हेंबरमध्ये कंपनीने नागोयाजवळच्या पुरवठादाराकडे पाठवलं. परतीचं विमान टोकियोहून होतं, मध्ये एक रविवार. ताकादानोबाबा स्टेशनजवळ मिकाडो नावाचं गेम सेंटर आहे, जुन्या मारामारीच्या गेम्ससाठी प्रसिद्ध. व्हर्च्युआ फायटरची संस्कृती अशाच जागी घडली. नव्वदच्या दशकात दुसऱ्या भागाच्या काळात तिथल्या नामांकित खेळाडूंना ठिकाण आणि पात्र यांवरून नावं पडली होती: शिंजुकू जॅकी, इकेबुकुरो सारा, काशिवा जेफ्री. यंत्रं पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात, समोरचा दिसत नाही, पडद्यावर फक्त त्याचं पात्र दिसतं. शंभर येनचं नाणं टाकून मी तिसऱ्या भागाच्या टीबी (टीम बॅटल) आवृत्तीवर बसलो आणि हात ठेवायला गेलो तर बटणं चार. तिसऱ्या भागात बाजूला सरकायला वेगळं एस्केप बटण होतं, हे वाचलेलं होतं, पण बोटांना माहीत नव्हतं. त्यात जमीनही सपाट नाही, चढउताराची. मी किक समजून एस्केप दाबत राहिलो आणि वुल्फ एखाद्या लग्नातल्या लाजऱ्या पाहुण्यासारखा सारखा बाजूला सरकत राहिला. पलीकडून एक साठीचे गृहस्थ उठून बघायला आले की हा कोण. त्यांनी माझ्या पॅनेलवरच्या चौथ्या बटणावर बोट ठेवलं, हवेत हात बाजूला सरकवून दाखवला आणि परत जाऊन मला पुन्हा हरवलं. मागे कुणी थांबलेलं असेल तर हरल्यावर लगेच दुसरं नाणं टाकू नये, उठावं, हा तिथला रिवाज. मी उठलो.

खर्चाचा हिशोब विचारणारे असतात म्हणून: गेम सोडून डब्याचे सगळे मिळून पंधराशेच्या आसपास, नव्या लाइनचे महिन्याचे सातशे, ठेव परत मिळाली. वेळेचा हिशोब घरचे ठेवतात.

सेगाच्या र्यु गा गोतोकू स्टुडिओने डिसेंबर २०२४ मध्ये नव्या व्हर्च्युआ फायटरची घोषणा केली आहे. तो येईपर्यंत मी याच पाचव्यात आहे, आणि सध्या आओई या पात्रापाशी अडकलोय. ती आयकी-जुजुत्सूवाली, येणारा हात पकडून तोच तुमच्यावर उलटवते. वरचा, मधला, खालचा, प्रत्येकाला तिच्याकडे वेगळी पकड आहे. माझा कोपर तिला पाठ झालाय. तिच्याविरुद्ध थ्रो वाढवले तर ती बसायला लागते, बसली की गुडघा हवा, आणि वुल्फचा गुडघा अडवला गेला की मी किती फ्रेमने मागे पडतो, ते आज ट्रेनिंगमध्ये बघायचं आहे. उद्यापासून पहिली पाळी आहे.